‘वय झालं’ म्हणण्याआधी कॅल्शियम तपासा

१. फैजपूरकडे मुतखडा झाला की दोष बोअरच्या पाण्याला आणि उतारा कुळथाच्या पाण्याचा. मायची कंबरदुखी हाडांच्या डॉक्टरकडे, बद्धकोष्ठ इसबगोलाकडे आणि विसरभोळेपणा वयाच्या खात्यात. ही सगळी एकाच दुखण्याची पिल्लं निघाली.

२. रक्तातलं कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ असतं; तिचं ११.६ होतं. अशा वेळी कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) एकदमच तपासून घ्या. कॅल्शियम चढलं की हे हार्मोन खाली बसायला हवं. ते ‘नॉर्मल’मध्ये दिसलं तरी निर्धास्त होऊ नका. बीपीच्या थायझाइड गोळ्यांनीही कॅल्शियम वाढतं, म्हणून औषधांची पिशवी सोबत न्या.

३. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. बहुतेकदा त्यांतली एकच माजते आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत राहते. गोळ्यांनी आकडा उतरतो, पण मूळ जातं ते ऑपरेशननेच. गंमत म्हणजे या ग्रंथी आधी दिसल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात! माणसात त्या १८८० साली स्वीडनच्या सँडस्ट्रॉम या विद्यार्थ्याने दाखवल्या.

४. “आता या वयात माहा गया कायले कापता?” मायचा प्रश्न रास्तच होता. पण भूल देणारे डॉक्टर जन्मसाल कमी आणि हृदय, फुप्फुसं जास्त बघतात. हाडांच्या घनतेची तपासणी मनगटाजवळही करून घ्या. या आजारात तिथली झीज जास्त. पडून खुबा मोडला तर ऑपरेशन चुकत नाहीच, आणि ते याहून मोठं.

५. सेस्टामिबी स्कॅन बिघडलेल्या ग्रंथीचा पत्ता सांगतो, आजाराचा निवाडा करत नाही. तो कोरा आला तरी रक्ताचा रिपोर्ट खोटा ठरत नाही. भुसावळहून मुंबईची गाडी धरली ती याच ऑपरेशनचा हात बसलेल्या सर्जनसाठी. ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी पीटीएच निम्म्याने उतरलं का, हे तिथे थिएटरमध्येच तपासलं. आवाजाची नस शेजारून जाते. मायचा आवाज काही दिवस घोगरा होता.

६. नंतर ओठांभोवती मुंग्या आल्या. उपाशी हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढत होती. त्यासाठीच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. बोटं वळायला लागली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. पोट सुधारलं, विसरणं थोडंच कमी झालं. जुना खडा मात्र जागचा हलला नाही. त्याची सोनोग्राफी चालूच आहे.