घोडा उभ्यानेच झोपतो का? – सांधे दुखणाऱ्या घोड्याच्या तबेल्याची जमीन
(परिसर अभ्यास व गणित : इयत्ता पाचवी ते सातवी)



"घोडा उभ्याने झोपतो" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि मुलांनाही तेच सांगतो. वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेला अर्धा भाग माहीत नसला तर घोड्याचे हाल होतात. आपल्या भोकरदन परिसरात लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाळणारी कुटुंबं आहेत. त्यांची मुलं आपल्याच वर्गात बसतात. हंगामात घोडी डांबरी रस्त्यावर तासन् तास उभी राहते, नाचते. वय झालं की तिचे सांधे धरतात. अशा घोडीला रात्री कुठल्या जमिनीवर बांधायचं, हा त्या घरासाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे. म्हणून हा पाठ.

आधी विज्ञान समजून घेऊ

घोड्याच्या मागच्या पायात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर अडकून बसते. कंडरा आणि अस्थिबंध पायाला ताणून धरतात. त्यामुळे फारशी ताकद न लावता तो उभ्याने डुलकी घेऊ शकतो. पण ही डुलकीच. गाढ झोपेत, म्हणजे स्वप्नं पडतात त्या झोपेत, स्नायू पूर्ण सैल पडतात. त्यासाठी घोड्याला आडवं व्हावंच लागतं. दिवस-रात्र मिळून तो साधारण तीन तास झोपतो. त्यातली अर्ध्या तासाच्या आसपासची झोप अशी आडवी होऊन घेतलेली हवी.

आता मुलांना एक निरीक्षण द्या. गाय किंवा बैल उठताना आधी मागचा भाग उचलतात. घोडा उलटा! तो आधी पुढचे दोन्ही पाय समोर टाकतो, खूर रोवतो आणि मग मागच्या पायांनी जोर लावून उठतो. तीन-चारशे किलोचं वजन उचलायचं आणि पुढचे खूर गुळगुळीत फरशीवरून सटकले तर काय होईल? दुखरा सांधा अजून दुखेल. असं दोन-चार वेळा झालं की घोडी बसायचंच सोडून देते. घरच्यांना वाटतं, "उभ्यानेच झोपते, तिची सवयच आहे." खरं तर तिची झोप झालेली नसते.

कसं ओळखायचं?

- सकाळी अंगाला, शेपटीला काड किंवा भुसा अजिबात लागलेला नसतो.
- पेंगताना पुढचे पाय एकदम वाकतात आणि ती दचकून सावरते.
- पुढच्या पायांच्या घोट्यांवर समोरून खरचटल्याच्या खुणा दिसतात. पेंगून कोसळताना घोटा जमिनीवर घासतो.

यातलं काही दिसलं तर आधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा. जमीन बदलल्याने सांधा बरा होत नाही. त्याला आराम मिळतो, एवढंच. औषध डॉक्टरांचं आणि नाल-खूर नालबंदाचं काम.

जमिनीला विचारायचे तीन प्रश्न

ओली झाल्यावर घसरते का? लघवी मुरते किंवा वाहून जाते का? वजन पडल्यावर थोडी दबते का? ही कसोटी लावून आपल्याकडच्या जमिनी पाहू.

काळी माती : पावसाळ्यात फुगते, चिखल होतो. उन्हाळ्यात भेगा पडतात. नुसती काळी माती नकोच.

शेणाने सारवलेली जमीन : मऊ आणि उबदार. पण लघवीने खड्डे पडतात. खड्ड्यात पाय वाकडा पडला की सांध्यावर ताण येतो. वरचेवर बुजवणार असाल तरच ठीक.

मुरूम : आपल्या काळ्या खडकाची झीज होऊन तयार झालेला. खुराला पकड मिळते, पाणी मुरतं. धुमसून घट्ट करावा लागतो आणि वर्षाकाठी भर घालावी लागते. कमी खर्चात चांगला पर्याय.

शहाबादी फरशी, गुळगुळीत कोबा : धुवायला सोपे, पण ओले झाले की घसरतात आणि अजिबात दबत नाहीत. दुखऱ्या सांध्याला सगळ्यात वाईट. कोबा आधीच असेल तर फोडायची गरज नाही. त्यावर रबरी मॅट टाकता येते.

रबरी मॅट : पकड देते, थोडी दबते. पण लघवी शोषत नाही, म्हणून वर भुसा हवाच. वरची बाजू खरखरीत असलेली घ्यावी.

खोल वाळू : मऊ दिसते म्हणून लोक टाकतात. पण पाय रुततो, कंडरांवर ताण येतो. शिवाय चाऱ्याबरोबर वाळू पोटात गेली तर पोटशूळ होतो.

जमिनीचा प्रश्न तबेल्यापुरताच नाही. माथेरानला लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायला लागले तेव्हा घोडे घसरतात अशी हरकत घोडेवाल्यांनी घेतली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

वरचं अंथरूण

जमीन कोणतीही असो, वर लाकडाचा भुसा किंवा गव्हाचं काड हवं. धूळ उडणारं, बुरशी लागलेलं काहीही नको. ओला भाग रोज काढायचा. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो. घोडी बसली की तिचं नाक जमिनीजवळ येतं, म्हणून त्रास तिला आधी होतो. आपण खाली वाकून वास घेतला आणि डोळे चुरचुरले, तर समजायचं की साफसफाई कमी पडते.

आणि दोरी विसरू नका! अगाडी-पिछाडी आखूड बांधली तर गादी घातली तरी घोडी बसू शकणार नाही. रात्री पिछाडी सोडावी. जमलं तर बारा बाय बारा फुटांच्या जागेत मोकळीच ठेवावी.

वर्गात करायची कृती : गुडघा-चाचणी

मुलांना तीन ठिकाणी दहा-दहा सेकंद गुडघे टेकायला सांगा : वर्गाची फरशी, मैदानावरची माती, सतरंजीची जाड घडी. कुठे टोचलं, कुठे बरं वाटलं, वहीत लिहायचं. हीच चाचणी तबेल्यातही करता येते. घोडी बाहेर काढून मोठ्यांनी अंथरुणावर गुडघे टेकावेत. गुडघा खालच्या जमिनीला लागला तर भुसा कमी आहे. गुडघा ओला झाला तर भुसा बदलायला हवा.

गणित

१) तबेला १२ फूट × १२ फूट. क्षेत्रफळ? (१४४ चौरस फूट)

२) एक रबरी मॅट ६ फूट × ४ फूट. किती मॅट लागतील? (१४४ ÷ २४ = ६)

३) मुरमाचा थर ६ इंच, म्हणजे अर्धा फूट. घनफळ? (७२ घनफूट)

४) १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. वरचा मुरूम किती ब्रास? (०.७२ ब्रास. धुमसल्यावर मुरूम दबतो, म्हणून १ ब्रास मागवावा. "दबतो म्हणजे काय?" यावर चर्चा घ्या.)

५) पाणी वाहून जाण्यासाठी १२ फुटांत २ इंच उतार दिला. प्रमाण काढा. (१४४ इंचांस २, म्हणजे ७२ ला १. यापेक्षा फार जास्त उतार नको. घोडी सतत तिरकी उभी राहिली तर सांध्यांवर ताण येतो.)

मुरूम, मॅट आणि भुशाचे आजचे भाव मुलांनी घरून विचारून आणावेत आणि दोन पर्यायांच्या खर्चाची तुलना करावी.

पालकांसाठी दोन शब्द

सगळं एकदम करणं प्रत्येकाला परवडत नाही. मग क्रम असा ठेवा : आज रात्री पिछाडी सोडा, उद्या ओला भाग काढून कोरडा भुसा टाका, पुढच्या महिन्यात खड्डे बुजवून मुरूम धुमसा. मॅट पैसे आल्यावर. पहिल्या कामाला एक रुपयाही लागत नाही. सकाळी शेपटीत काड अडकलेलं दिसलं तर समजा, घोडी रात्री बसली होती. ही नोंद महिनाभर ठेवायचं काम घरातल्या मुलाकडे द्या. त्याचा प्रकल्पही होईल.

बैल म्हातारा झालेला असेल तर याच तीन प्रश्नांनी गोठाही तपासून बघा. उपक्रम वर्गात घेतला तर मुलांच्या नोंदी जरूर कळवा.