दाहाचा निरोप नेणारें प्रथिन

झरी जामणीच्या कपाशीच्या वावरांतून अनवाणी चालतांना पायांत बाभळीचा कांटा मोडला नाहीं, असा मुलगा विरळा. दुसऱ्या दिवशीं पाय लाल होतो, सुजतो, कढत लागतो व ठणकतो. हा सारा प्रताप कांट्याचाच, असें आम्ही बरेच दिवस समजत होतों. वस्तुतः तो आपल्याच शरीराचा असतो. कांट्याबरोबर जंतु आंत शिरले कीं तेथील रक्षक पेशी कांहीं प्रथिनें स्रवतात. तीं पांढऱ्या पेशींस त्या जागीं बोलावितात. फार झालीं तर मेंदूस निरोप पोंचवून अंगांत तापही आणितात. अशा निरोप्या प्रथिनांस सायटोकाइन म्हणतात. त्यांतील एकाचाच येथें विचार करूं.

१९७५ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं त्याचें वर्णन केलें. त्यानें उंदरांच्या शरीरांतील गांठी गळून पडत. म्हणून त्यास ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यांत टी. एन. एफ., हें नांव पडलें. नांव एकांगी ठरलें. दीर्घ आजारांत देह झिजविणारें द्रव्यही हेंच, असें १९८५ सालीं दिसून आलें.

शरीरांत तें इतकें अल्प असतें कीं प्रयोगापुरतें मिळविणेंही दुष्कर. १९८४ सालीं त्याचें मानवी जनुक वेगळें करून ई. कोलाय या आंतड्यांतील जंतूंत घालण्यांत आलें. हे जंतु योग्य उष्णतेंत सुमारें वीस मिनिटांत दुप्पट होतात, आणि वाढतां वाढतां परक्याचें प्रथिन घडवीत राहतात! त्याच्या एका सांखळींत १५७ अमिनो आम्लें असतात. अशा तीन सांखळ्या एकत्र आल्या म्हणजे तें कार्य करूं लागतें. खरी कसोटी शुद्धीकरणाची. जंतूंच्या आवरणांतील विष लेशमात्र राहिलें तरी तेंच पेशींना चिथावून दाह उत्पन्न करितें, आणि संशोधक त्याचें श्रेय प्रथिनास देऊन फसतो.

पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेंत डॉ. मोहन वाणी व त्यांचे सहकारी यांनीं या प्रथिनावर केलेलें काम २००५ सालीं प्रसिद्ध झालें. टी. एन. एफ.च्या प्रेरणेनें हाड कुरतडणाऱ्या पेशी तयार होतात. आमवातांत सांधे झिजतात ते बऱ्याच अंशीं यामुळें. इंटरल्यूकिन-३ हें दुसरें प्रथिन घातलें असतां त्या पेशी तयार होईनात. निरोप येतच होता. तो ऐकणारे पेशींचे कानच कमी झाले होते.

मग टी. एन. एफ. अजिबात अडवावें, असें कोणासही वाटेल. तसें औषध १९९८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें व पुढें आमवाताच्या रोग्यांस त्यानें मोठा आराम पडला. परंतु २००१ सालीं असें आढळलें कीं तें घेणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या अंगांत निद्रिस्त असलेला क्षय जागा झाला. फुप्फुसांत क्षयाच्या जंतूंभोंवतीं पेशींची जी तटबंदी असते, ती टिकविण्यास हेंच प्रथिन लागतें. आपल्या देशांत क्षयाचे जंतु असंख्य निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या अंगीं गुप्त असतात. म्हणून येथील डॉक्टर हें औषध देण्यापूर्वीं रोग्याच्या छातीचें क्ष-किरण चित्र काढवितात व गुप्त क्षयाची चाचणी घेतात. ती सदोष निघाली तर आधीं क्षयाचें औषध सुरू होतें आणि दुखऱ्या सांध्यांस कांहीं काळ थांबावें लागतें.