फिल्टर स्पीकर जोडण्याआधी

संध्याकाळी सातनंतर शॉर्टवेव्ह ऐकायला बसणाऱ्याचे दोन शत्रू. एक आकाशात, दुसरा शेजारच्या बाल्कनीत. आकाशातला म्हणजे स्टेशनांची दाटी. ४१ मीटरच्या पट्ट्यात पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने स्टेशनं बसलेली असतात आणि रात्र पडली की दूरदूरची सगळीच एकदम पोहोचतात. बाल्कनीतला म्हणजे एलईडीची माळ, इन्व्हर्टर, स्वस्तातला चार्जर. या दोघांवर मिळून उपाय विचारला की कोणीतरी हमखास सांगतं, फिल्टरवाला बाहेरचा स्पीकर घ्या. मी तो वापरतो आणि मला तो आवडतो. पण पहिल्या शत्रूचा त्याने थोडाफार बंदोबस्त होतो, दुसऱ्याचा जवळजवळ नाहीच. आणि जोडणीकडे लक्ष दिलं नाही तर सेटच्या दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. आमच्याकडे तो आला.

केनवूडचा एसपी-२३०, यासूचा एसपी-१०२, आयकॉमचा एसपी-२० हे या जातीचे नावाजलेले जुने नमुने. हॅम मंडळींत ते एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असतात. पेटीत एक स्पीकर, काही कॉइल, काही कंडेन्सर आणि पुढे बटणं. काही बटणं वरचा, तीक्ष्ण आवाज कापतात, काही खालचा, घुमणारा. दोन सेट जोडायची सोय, बहुधा एक हेडफोनचा जॅक. आतल्या फिल्टरला वेगळी वीज लागत नाही.

म्हणजे ही रेडिओच्या शेवटी लावलेली चाळणी आहे. ती शेवटी आहे, यातच तिचं सगळं बरंवाईट आलं.

आधी बरं. सेटच्या आतला फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या पुढे आवाज मोठा करणारं सर्किट असतं आणि ते स्वतःची सूं-सूं घालतं. ही सूं-सूं आतल्या फिल्टरच्या नंतर जन्मते, त्यामुळे तो तिला काही करू शकत नाही. बाहेरचा करू शकतो. साइडबँडवरचं बोलणं साधारण ३०० ते २७०० हर्ट्झमध्ये संपतं. त्याच्या वर जे ऐकू येतं ते नुसतं कान थकवतं. वरचं बटण दाबलं की तास-दोन तास बसता येतं, आणि दूरचं मंद स्टेशन पकडायला बसण्याइतका दम हेच निम्मं भांडवल असतं. शेजारच्या स्टेशनाचा कॅरिअर पाच किलोहर्ट्झवर असेल तर पाच किलोहर्ट्झचीच बारीक शिट्टी वाजते. तीही याच बटणाने बसते. खालचं बटण विजेच्या पुरवठ्याची १०० हर्ट्झची गुणगुण दाबतं.

आता वाईट. शेजारचं जोरदार स्टेशन सेटच्या आत शिरलं की सेट आपोआप आपली संवेदनशीलता कमी करतो. त्यालाच एजीसी म्हणतात. मग तुम्हाला हवं ते मंद स्टेशन शेजाऱ्याच्या तालावर वरखाली होत राहतं. बाहेरच्या फिल्टरने शेजाऱ्याची शिट्टी गेली तरी हे हेलकावे जात नाहीत, कारण नुकसान आतच होऊन गेलेलं असतं. तिथे सेटची बँडविड्थ अरुंद करा. एजीसी बंद करता येत असेल तर बंद करून आरएफ गेन खाली आणा आणि आवाज वाढवा. पैसे न लागणारा हा उपाय नवीन मंडळी सर्वांत शेवटी का करून बघतात, हे मला कधी कळलेलं नाही.

एलईडीच्या ड्रायव्हरची खरखरही तशीच. ती माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यातच पसरलेली असते. चाळणी तिला वेगळं काढणार कशी? सेट बॅटरीवर चालवा, घरातला मेन स्विच खाली करा आणि ऐका. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. एकेक उपकरण लावत त्याला शोधा. थांबली नाही तर अँटेना इमारतीपासून लांब न्या, किंवा फिरवता येणारी लूप अँटेना वापरून खरखरीची दिशा टाळा. शंभरातल्या नव्वद तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत आहे. मोजलेलं मात्र नाही.

आता खर्चाची गोष्ट. पेटी सेकंडहँड आली, सोबत वायरही आली, दोन्ही टोकांना मोनो पिन. हातातल्या लहान सेटला स्पीकरचा वेगळा जॅक नव्हता, स्टिरिओ हेडफोनचाच होता. मोनो पिनचा मागचा धातूचा भाग लांब असतो. तो जॅकमधल्या उजव्या चॅनलच्या पत्तीवर टेकतो आणि तो चॅनल सरळ ग्राउंडला शॉर्ट होतो. काही सेटांत तिथे रेझिस्टर असतो, तो सेटला वाचवतो. या सेटात नसावा. बरेच दिवस सगळं सुरळीत वाटलं, मग हेडफोन लावल्यावर उजवा कान मुका. दुरुस्ती करणाऱ्याने आयसी बदलला आणि वायर माझ्या हातात ठेवून काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. सेटकडच्या टोकाला स्टिरिओ पिन लावायची, टोक आणि मागचा भाग जोडायचा, मधली कडी मोकळी सोडायची. एवढंच काम होतं. आणखी एक: सेटवर लाइन-आउट लिहिलेलं असेल तर तिथे ही पेटी जोडू नका. तिथली शक्ती स्पीकर हलवायला पुरत नाही.

याहून छुपा धोका वेगळा आहे. काही सेटांत, विशेषतः गाडीत बसवायच्या, स्पीकरच्या दोन्ही तारा ‘गरम’ असतात. ग्राउंडला एकही जोडलेली नसते. फिल्टरच्या पेटीत मात्र मागची तार बहुधा धातूच्या खोक्याला आणि दोन्ही सेटांना सामायिक असते. तो सेट या पेटीला लावला की त्याचा अ‍ॅम्प्लिफायर शॉर्टवर चालू लागू शकतो. म्हणून आधी मॅन्युअल वाचा. नसेल तर सेट बंद ठेवून मल्टिमीटरने जॅकचा बाहेरचा भाग आणि सेटचं खोकं किंवा बॅटरीची ऋण बाजू यांच्यामधला रोध मोजा. शून्याजवळ आला तर ठीक. नसेल तर मध्ये लहानसा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारा. ८ ओहमला ८ ओहम असा मागायचा. इम्पीडन्सकडे दुर्लक्ष करू नका, कारण आतल्या कॉइल-कंडेन्सरांचं गणित एका ठरावीक ओहमवर बसवलेलं असतं. भलताच स्पीकर लावला की कापण्याची जागाच सरकते.

आजोबांचा वाल्व्हचा सेट काढून त्याला ही पेटी लावायची हौस अनेकांना येते. तिथे मी हात आखडता घ्यायला सांगेन. जुन्या एसी-डीसी सेटांत खोकं थेट मेन लाइनला लागलेलं असू शकतं. त्याची तार बाहेर काढणं जिवाशी खेळ आहे. खोकं सुरक्षित असलं तरी पेटीचं बटण दुसऱ्या सेटवर फिरवलं की वाल्व्हच्या सेटला स्पीकरच उरत नाही आणि आवाज मोठा असेल तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

घेताना बटणं हलवून बघा. समुद्राकाठच्या घरातून आलेली पेटी असेल तर बटणांचे संपर्क काळवंडलेले असतात. कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक सुधारतात. बुरशी लागलेला कागदी कोन सुधारत नाही. घरी आणल्यावर १३.८ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर ती ठेवू नका, टेबलावर जागा कितीही कमी असली तरी. सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पेटीतल्या कॉइल पकडतात आणि जी गुणगुण घालवायला पेटी आणली तीच तिच्यातून येऊ लागते. ट्रान्समीट करताना स्पीकरमधून आपलाच तुटका आवाज आला तर वायरला फेराइटचा क्लिप लावा.

वरचं बटण सरसकट दाबून ठेवायची सवयही वाईट. ‘एस’ आणि ‘एफ’ यांच्यातला फरक बराचसा तीन किलोहर्ट्झच्या वरच असतो; साइडबँडवर त्याचा थोडाच अंश वरच्या टोकाला उरतो. तोही कापला की कॉलसाइन चुकतो आणि समोरच्याला ‘सिएरा की फॉक्सट्रॉट’ विचारत बसावं लागतं. स्टेशन जोरात असेल, गाणी लागली असतील, तर सगळी बटणं बाहेर. खालचं बटण दाबून तबला ऐकण्यात काय राम आहे? मोर्सला साधारण ७०० हर्ट्झचा सूर ठेवून दोन्ही बाजूंनी कापलं तर ते चांगलं चालतं, पण अरुंद मोर्स फिल्टरची सर त्याला येत नाही. एफटी-८ सारख्या संगणकी मोडचा आवाज या पेटीतून नेऊच नका. कापायचं काय ते सॉफ्टवेअरला ठरवू द्या.