नियम आणि सवलत

स्वतःच्या जमिनीवर हवे ते बांधण्याचा अधिकार मालकास असावा काय? न्यूयॉर्क शहराने या प्रश्नाचा निकाल कसा लावला, ते आपण पाहू. १९१५ साली तेथे 'इक्विटेबल बिल्डिंग' ही प्रचंड इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळ वर चढली आणि आसपासच्या इमारतींचा सूर्यप्रकाश तिच्या सावलीने हिरावला. पुढच्याच वर्षी शहराचे निवासी, व्यापारी व अनिर्बंध असे विभाग पाडण्यात आले. उंच इमारतींनी वरचे मजले मागे घ्यावेत, असाही नियम झाला. १९२६ साली ओहायो राज्यातील यूक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे विभाग पाडणे घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला.

परंतु सर्व भूखंड सारखे नसतात. एखादा इतका अरुंद वा वेडावाकडा असतो की, नियम अक्षरशः पाळल्यास त्याचा काहीच उपयोग होत नाही. अशा मालकाचा अर्ज एक मंडळ जाहीर सुनावणीत ऐकते. शेजाऱ्यांसही तेथे बोलता येते. अडचण त्या भूखंडाचीच आहे ना? मालकाने ती स्वतः ओढवून घेतलेली नाही ना? सवलतीने वस्तीचे स्वरूप पालटणार नाही ना? मागणी गरजेपुरतीच आहे ना? एवढे सिद्ध झाले, तरच सवलत मिळते. केवळ अधिक नफ्याची इच्छा पुरेशी ठरत नाही.

सवलत मुळीच नसेल, तर नियम निष्ठुर होतो. मागेल त्यास ती मिळू लागली, तर नियमच उरत नाही. आपल्या गावीही घर बांधताना शेजाऱ्याच्या उजेडाचा विचार आपण आधी करावा.