कुंभारीण माशी आणि सृष्टीचा कर्ता

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला आमच्या भंडाऱ्यात वैनगंगेकाठी सूर्य मावळतो आणि त्याच सुमारास पूर्वेला पूर्ण चंद्र वर येतो. मंदिरात दत्तजन्माचा पाळणा हलतो, तोही हाच प्रदोषकाळ. ही घडी बसवणारा कुणीतरी असलाच पाहिजे, असं मन सहज बोलून जातं. मी जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं आणि दत्तसप्ताहात निरूपणही केलं. त्यामुळे या प्रश्नाशी माझी गाठ पडणारच होती.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. शेवटचा गुरू कुंभारीण माशी. ती अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने तिचंच ध्यान करते आणि माशी होऊन बाहेर पडते. हे मी रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, पुस्तकात तर दुसरंच लिवलं आहे. मंग खरं कोणतं समजाचं?"

मी म्हणालो, "परीक्षेत पुस्तकातलं लिही." मुलगा खाली बसला. पण ते उत्तर नव्हतं, पळवाट होती. ती मला बरीच वर्षं टोचत राहिली.

खरं पुस्तकातलंच होतं. माशी अळीला डंख मारून बधिर करते, घरात ठेवते आणि तिथेच आपलं अंडं घालते. अंड्यातलं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं आणि माशी होऊन निघतं. पाहणाऱ्याला आत गेलेली अळी दिसली, बाहेर आलेली माशी दिसली. मधलं काही दिसलं नाही.

अशा न दिसणाऱ्या जागी देव बसवण्याचा मोह थोरांनाही झाला. न्यूटनने 'प्रिन्सिपिया'च्या 1713 च्या आवृत्तीत लिहिलं, की सूर्य, ग्रह आणि धूमकेतूंची ही सुंदर रचना बुद्धिमान, सामर्थ्यवान ईश्वराचीच असणार. इथवर ती त्याची श्रद्धा होती. पण ग्रहांच्या गतीत साचत जाणारा बिघाड केव्हातरी दुरुस्त करावा लागेल, असंही त्याला वाटे. पुढे लाप्लासने दाखवलं, की गुरू आणि शनी यांच्या गतीतला फरक सुमारे नऊशे वर्षांच्या फेऱ्याने आपोआप कमीजास्त होतो. दुरुस्तीसाठी राखलेली ती जागा गेली.

आइन्स्टाईनला 1929 मध्ये विचारलं गेलं, देव मानता का? जगाच्या सुसंगतीत प्रकटणारा, स्पिनोझाने सांगितलेला देव मानतो. माणसांच्या नशिबात लक्ष घालणारा नाही, असं त्याचं उत्तर होतं. आणि आपले जयंत नारळीकर? कोल्हापुरात जन्मलेल्या, पुण्यात 'आयुका' उभी करणाऱ्या या शास्त्रज्ञाने विश्वाला एकच आरंभ असलाच पाहिजे, हे मानलं नाही. फलज्योतिषाचीही त्यांनी पत्रिका देऊन परीक्षा घेतली. आकाश तेच, नियम तेच. तरी तिघांचे निष्कर्ष निराळे. म्हणजे सृष्टीतली व्यवस्था पाहून भक्ती दाटून येऊ शकते, पण त्याला सिद्धता म्हणता येत नाही. तसंच, "हे सगळं आमच्या पोथीत आधीच होतं," असंही म्हणू नये.

मग अवधूताचं काय उरतं? मला वाटतं, सगळंच उरतं. यदुराजाने त्याला सृष्टी कुणी केली, असं विचारलंच नव्हतं. तुम्ही इतके आनंदात कसे, एवढंच विचारलं होतं. अवधूताने पृथ्वीकडून सोसणं घेतलं, मधमाशीकडून साठवण्यातला धोका ओळखला. माशीचा दृष्टान्त चुकला, तरी मन ज्याचा ध्यास घेतं त्याच्यासारखं होतं, हा बोध प्रत्येकाने आपल्यापुरता पडताळून पाहावा.

आज तो मुलगा भेटला तर सांगेन, "बाबा, माशीचं खरं ते पुस्तकातलं. मनाचं मात्र तुझं तूच पाहा. मी दत्ताला मानतो, पण माशीच्या पुराव्यावर नाही."

यंदा पाळण्याला जाल तेव्हा मंदिराच्या भिंतीवरचं मातीचं घर मुलांना दाखवा. आत काय घडतं ते खरं खरं सांगा. मग हात जोडा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥