सीसीएनएसाठी घरी राउटर घ्यावा का?

प्रश्न : मी सीसीएनए परीक्षेचा अभ्यास घरीच करतो आहे. पुण्यातले मित्र म्हणतात, सिस्कोचे दोन राउटर आणि दोन स्विच घरी असल्याशिवाय ही परीक्षा निघत नाही. वडील सोयाबीनच्या पैशांतून रक्कम द्यायला तयार आहेत. घरच्या वाय-फायच्या राउटरवर सराव होणार नाही का?
– एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : वाय-फायच्या डब्याचे आधी पाहू. तो एकटाच राउटर, स्विच आणि वायरलेस केंद्र अशी सगळी कामे करतो, आयपी पत्तेही वाटतो. म्हणून त्याचे कोणते काम कुठे सुरू होते, हे बाहेरून कळत नाही. ब्राउझरमध्ये चार रकाने भरले की झाले. परीक्षेला मात्र एकेक कमांड टाइप करून व्हीलॅन, ओएसपीएफ उभे करावे लागते. तो सराव या डब्यावर होत नाही.

मित्रांचा सल्ला एके काळी खरा होता, कारण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आता पडद्यावरच आभासी नेटवर्क उभे करून देणारा सिस्कोचा पॅकेट ट्रेसर हा प्रोग्राम मोफत मिळतो. नेटवर्किंग अकॅडमीत खाते उघडायचे आणि उतरवून घ्यायचा; 8 जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. त्यात दोन काय, दहा राउटर मांडा. शिवाय सीसीएनएची 200-301 ही परीक्षा 120 मिनिटांची आणि सगळी संगणकाच्या पडद्यावर असते. प्रात्यक्षिकाचे प्रश्नही तिथेच, खऱ्या यंत्राला हात लावावा लागत नाही. तिची फी 300 डॉलर, वर कर. वडिलांच्या पैशांतली ही रक्कम आधी बाजूला काढा, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गैरसमज म्हणजे जितकी यंत्रे जास्त, तितका अभ्यास पक्का. अभ्यासक्रमात आता वायरलेस कंट्रोलर, जेसॉन, ऑटोमेशन हेही आहे. 1841 सारखा जुना राउटर यातले काही शिकवत नाही.

मग खरे यंत्र अगदीच नको का? फी बाजूला काढून पैसे उरले, तर एक जुना कॅटॅलिस्ट 2960 स्विच जरूर घ्या. केबल कुठे सैल आहे, कोणता दिवा नारिंगी झाला, हे हाताने शिकावे लागते आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून लागते. जुन्या स्विचवर आधीच्या मालकाचा पासवर्ड बहुधा तसाच असतो. त्याची काळजी नको, उलट तो पहिला धडा समजा. पुढचे मोड बटण दाबून धरत वीज द्यायची, फ्लॅशमधल्या कॉन्फिग फाइलचे नाव बदलायचे आणि स्विच कोऱ्या पाटीसारखा सुरू करायचा.

माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा की ओळखीच्या कुणाकडून, विक्रेत्याला तो चालू करून दाखवायला सांगा आणि 'शो व्हर्जन'चा फोटो मागा. फ्लॅश पुसलेला स्विच सुरूच होत नाही, आणि त्याचे सॉफ्टवेअर सिस्कोकडून सेवा-कराराशिवाय सहसा मिळत नाही. तेव्हा स्वस्त पडला म्हणून असा माल घेऊ नका. वीज द्यायला संगणकाची नेहमीची पॉवर केबल चालते. कन्सोल केबल मात्र वेगळी लागते. लॅपटॉपला जुने सीरियल पोर्ट नसते, म्हणून यूएसबीची घ्या. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग 9600 ठेवा.

वीजबिलाची भीती अनाठायी आहे. स्विच साधारण 30 वॅट घेतो असे धरले आणि रोज चार तास चालवला, तरी महिन्याला चार युनिटांच्या आतच राहतो. पंख्याचा आवाज मात्र बराच असतो. घरातली माणसे झोपतात त्या खोलीत तो ठेवू नका.

आपल्याकडे वीज जाते, त्याचाही अभ्यासाशी संबंध आहे. तुम्ही दिलेल्या कमांड आधी रनिंग कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत राहतात. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' केले नसेल, तर वीज जाताच तासाभराचे काम पुसले जाते. पॅकेट ट्रेसरमध्येही राउटर बंद करून हे एकदा मुद्दाम करून पाहा.