आधी जुना ड्रायव्हर काढ

पुणे

चि. मुक्ता हिस,


लॅपटॉपवर विंडोज ११ आल्यापासून रेकॉर्डिंगमध्ये कडकड येते, आवाज मधेच गायब होतो, म्हणून नवा ऑडिओ इंटरफेस घ्यायचा म्हणतेस. खरेदी तूर्त थांबव. डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबून इंटरफेसलाच हेडफोन लाव. तुझा आवाज स्वच्छ ऐकू आला तर माइक, माइकची केबल, प्रीअँप सगळं ठीक आहे. भांडण बहुधा लॅपटॉपच्या आत आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अपग्रेडबद्दल तुला बोलणार नाही. पण अशी सिस्टीम जुन्यावरच चढते आणि जुने ड्रायव्हर मागे उरतात. तुझ्या इंटरफेसवर आता बहुधा तिघं हक्क सांगतायत. एक कंपनीचा जुना ड्रायव्हर. दुसरा विंडोजचा स्वतःचा यूएसबी ऑडिओ २.० ड्रायव्हर. तो २०१७ पासून सिस्टीममध्येच असतो, त्यामुळे काही न टाकताही आवाज येतो आणि माणूस गाफील राहतो. तिसरा तू मागे कधीतरी टाकलेला एएसआयओ-फॉर-ऑल. तो खरा ड्रायव्हर नव्हेच, विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. त्याने इंटरफेस धरला की बाकीचे प्रोग्रॅम मुके होतात.

यावर नवा ड्रायव्हर उतरवून तसाच चढवायचा मोह होतो. तू तो चढवलाही असशील. आधी जुनं काढ. इंटरफेसची यूएसबी सोडव. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून कंपनीचं सॉफ्टवेअर आणि एएसआयओ-फॉर-ऑल, दोन्ही अनइन्स्टॉल कर. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेन्यूतून लपलेली डिव्हाइस दाखवायला सांग. इंटरफेसच्या नावाच्या फिकट नोंदी दिसतील, कधीकधी एकाच नावाच्या अनेक. त्या काढताना ड्रायव्हरही काढायचा का, असा चौकोन आला तर त्यात टिक कर. नाहीतर विंडोज तोच ड्रायव्हर शोधून पुन्हा जोडतं. लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डला मात्र हात लावू नकोस.

मग रीस्टार्ट. शट डाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टीमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो, लोड झालेल्या ड्रायव्हरांसकट. रीस्टार्टमध्ये सगळं कोरं सुरू होतं. ‘बंद करून चालू केला तरी तेच’ ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते.

आता कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर घे आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच यूएसबी जोड. रेकॉर्डिंगच्या रीपर प्रोग्रॅममध्ये कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर निवड. बफर २५६ ठेव; ४८ किलोहर्ट्झला तो सुमारे सव्वापाच मिलिसेकंदांचा होतो, गाताना जाणवणार नाही. सॅम्पल रेट प्रोजेक्टमध्ये आणि विंडोजमध्ये एकच हवा. ४४.१ ला घेतलेला आवाज ४८ च्या वेगाने वाजला, तर काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं, आणि तुझा तानपुरा बिचारा बेसूर ठरतो. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये माइकची परवानगीही बघून घे.

जुना ड्रायव्हर अडला की मेमरी इंटिग्रिटी बंद करा, असा सल्ला कोणीतरी देईल. तो ऐकू नकोस. ते सिस्टीमच्या गाभ्याचं कुलूप आहे. कंपनीने विंडोज ११ साठी ड्रायव्हर काढलाच नसेल, तर रीपरमध्ये एएसआयओऐवजी वासापी निवडून विंडोजच्या ड्रायव्हरवर काम कर. तू डायरेक्ट मॉनिटरवर ऐकत गातेस, तुला उशिराचा जाच होणार नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि थोडं रेकॉर्ड करून बघ. तरीही अडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटरफेसच्या प्रॉपर्टीज उघडून तिथला कोड मला कळव, नुसतं ‘चालत नाही’ नको. १० असेल तर डिव्हाइस सुरूच होत नाहीये, ३९ असेल तर ड्रायव्हर लोड होत नाहीये, ५२ असेल तर विंडोजला त्याची डिजिटल सही पटलेली नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा